फुटलेला गडी

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. बँकेच्या नोकरीत सदतीस वर्षे मी नाना तऱ्हेचे अर्ज, करारनामे आणि ताळेबंद वाचले. परंतु इतक्या थोड्या शब्दांत इतके काही झाकून ठेवणारा रकाना मला दुसरा आठवत नाही. गेल्या मे महिन्यात नातीचा दाखला घेण्यासाठी मुलाबरोबर मीही नागपूरच्या तिच्या शाळेत गेलो होतो. लिपिकाने त्या रकान्यात लिहिले, 'पालकांच्या विनंतीवरून'. शेजारी 'वर्तणूक : चांगली'. मुख्याध्यापिकांची सही झाली, शिक्का उमटला आणि आठ वर्षांचे खाते बंद झाले.

खरे कारण हॉकी हे होते. नात फॉरवर्ड खेळते. गेली तीन वर्षे अंतिम सामना त्याच दोन शाळांमध्ये होत आला आणि त्यांपैकी दोनदा हिची शाळा हरली. दुसऱ्या सामन्यानंतर जिंकलेल्या शाळेच्या प्रशिक्षकांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन विचारले, मुलीला आमच्याकडे पाठवता का? आठवड्यातून तीन सकाळी कृत्रिम मैदानावर सराव, फीमध्ये सवलत, शिवाय स्वतंत्र प्रशिक्षक. मुलाचे इतवारीत किराण्याचे ठोक दुकान आहे. मालाचा भाव ठरवताना घेतो तितकेच दिवस त्याने घेतले आणि होकार दिला. घरात कोणाला त्यात वावगे वाटले नाही. शाळेत मात्र मुलींनी तिला व्हॉट्सअॅपच्या गटातून काढले. पहिलीपासून एका बाकावर बसलेली तिची मैत्रीण त्याच संघाची गोलरक्षक. तिने निरोपाचा एकच शब्द पाठवला : 'फितूर'.

सुटीत नात आमच्याकडे नागऱ्याला आली तेव्हा तिने तो फोन माझ्यापुढे धरला. "आजोबा, मी खरंच फितूर आहे का?"

मी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिलो. हा शब्द बावन्न वर्षांपूर्वी मीही एकासाठी वापरला होता, आणि मीही गोलरक्षकच होतो.

नागरा हे गोंदियाजवळचे गाव. जुन्या शिवमंदिरासाठी लोक ते ओळखतात. वडिलांचे तिथे किराण्याचे दुकान होते आणि हायस्कूलसाठी मी सायकलने गोंदियाला जात असे. माझ्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर गावातलाच एक मुलगा बसायचा. त्याचे वडील राइस मिलमध्ये हमाल होते. चढ आला की तो उतरून मागून ढकलायचा. दांड्याला बांधलेल्या दोन हॉकी स्टिका खडखड वाजायच्या. तो आमच्या शाळेचा सेंटर फॉरवर्ड होता. मला गोलात उभे केले होते, कारण मला फारसे पळता येत नसे. शाळेचे कापूस भरलेले पॅड एकदा पावसात भिजले की तांदळाच्या कट्ट्याइतके जड होत. ते बांधून धिम्या चालीने गोलात जाताना मला मात्र आपण गडाचे किल्लेदार असल्यासारखे वाटे.

१९७३च्या जुलैत, रोवणी चालू होती त्या दिवसांत, मी गावाबाहेरच्या बोडीपाशी त्याची वाट पाहत उभा राहिलो. तो पायी आला आणि म्हणाला, "तू जा. मी आता त्या शाळेत जातो." त्या शाळेत, म्हणजे स्टेशनपलीकडच्या. एवढे बोलून तो बांधावरून निघून गेला. मी रिकाम्या कॅरिअरने शाळेत पोहोचलो आणि मधल्या सुटीत साऱ्या संघाला सांगितले, आपला गडी फुटला. फितूर हा शब्द प्रथम मीच उच्चारला. तो शब्द मग भिंतीवर कोळशाने लिहिला गेला.

त्याच्या जाण्याने एक गोष्ट घडली, जी मला तेव्हा कळली नाही. तोवर आमच्या दोन शाळांच्या सामन्याला मोजून पन्नास माणसे जमत आणि त्यांतली निम्मी मैदानावर गुरे चारायला आलेली असत. त्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्याला गावाने मैदान वेढले. एका पेढीवरच्या दोन भावांची मुले दोन शाळांत होती. ते दोघे भाऊ दुपारी दुकान मुनिमावर सोपवून आले आणि मैदानाच्या दोन टोकांना उभे राहिले. स्पर्धा होती तशीच होती, गुणही तेच आणि चषकही तोच पितळी. एक मुलगा इकडून तिकडे गेला आणि खेळाला वैराची धार आली.

रिमझिम होती. मुरमाचे मैदान निसरडे झाले होते. एक-एक अशी बरोबरी असताना तो एकटा आमच्या बचावातून आत घुसला. मी गोल सोडून धावलो. चेंडू माझ्या उजवीकडून पुढे गेला. मला थांबता आले असते. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे : मला थांबता आले असते आणि मी थांबलो नाही. ओल्या पॅडसह माझा सारा भार आणि हातातली स्टिक त्याच्या घोट्यावर आली. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला, दुसऱ्या मुलाने गोल केला, आम्ही हरलो. तो उठला नाही. दोघांनी खांद्यावर हात घेऊन त्याला नेले.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे पुढची फेरी भंडाऱ्याला. तो संघाबरोबर भंडारा रोड स्टेशनपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेला, पण मैदानाबाहेर बसून राहिला. त्याची शाळा पहिलाच सामना हरली. बातमी गोंदियाला आली त्या संध्याकाळी आम्ही जिलेबी खाल्ली. पैसे माझ्या वडिलांच्या गल्ल्यातले होते.

पुढची तीन-चार वर्षे दोन्ही शाळांची हॉकी जोरात होती. १९७५च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक जिंकला. निर्णायक गोल ध्यानचंदांच्या मुलाचा, अशोककुमारचा. रेडिओभोवती बसलेली मुले दुसऱ्या दिवशी बांबूच्या काठ्या वाकवून खेळू लागली. मात्र पलीकडच्या शाळेला एव्हाना युक्ती सापडली होती. त्यांनी आमचे आणखी दोन मुलगे नेले, मग एक बचावपटू. आमच्या पी.टी.च्या सरांचा जीव त्यातून उठला. दोनेक वर्षांत आमच्या शाळेने संघ उतरवणेच थांबवले. त्यानंतर पलीकडची शाळा तालुक्यात न खेळताच विजयी ठरू लागली आणि न खेळता मिळालेल्या चषकासाठी कोण भर पावसात मैदानाला वेढा घालतो? काही वर्षांनी त्यांच्याही स्टिका अडगळीच्या खोलीत गेल्या. केवळ फोडाफोडीमुळे हे झाले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, आणि मुरमावर खेळणाऱ्या गावांसाठी तो खेळच परका झाला. तरीही आमच्या गावातला क्रम मला नीट आठवतो. आधी प्रतिस्पर्धी संपला. खेळ त्यानंतर संपला.

मी कॉमर्सकडे वळलो, एम.कॉम. झालो, राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. बँकेतल्या माणसाला बदलीचे कौतुक नसते. तीन वर्षे झाली की बिछाना गुंडाळायचा. १९८६ ते १९८९ मी मुंबईत फोर्टच्या शाखेत होतो. आझाद मैदान पायी पाच मिनिटांवर. डबा खाऊन तिथे एक फेरी मारणे हा माझा नित्यक्रम झाला आणि शाळा-शाळांमधली चुरस किती मोठी होऊ शकते हे मला तिथे कळले.

मुंबईत शालेय क्रिकेटच्या दोन जुन्या स्पर्धा : चौदा वर्षांखालील मुलांसाठी गाइल्स शील्ड आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस शील्ड. दोन्ही पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या. माझ्या तिथल्या वास्तव्यात ज्या शाळेचे नाव सर्वांच्या तोंडी असे ती दादरची शारदाश्रम विद्यामंदिर. तिचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर. शिवाजी पार्कवर त्यांच्याकडे शिकायला येणारा वांद्र्याचा एक मुलगा त्या वेळी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. आचरेकर सरांनी त्याच्या घरी सुचवले की, मुलाला पुढे जायचे असेल तर शाळा बदला. प्राध्यापक वडिलांनी निर्णय मुलावर सोडला आणि सचिन तेंडुलकर शारदाश्रममध्ये आला. सुरुवातीला वांद्र्याहून ३१५ क्रमांकाच्या बसने, क्रिकेटचे ओझे खांद्यावर घेऊन, प्रवाशांची बोलणी खात. पुढे शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहून. आपल्या घरांतही मुलगा शिकावा म्हणून त्याला मामाच्या पेढीवर पाठवण्याची रीत होती. मला हे वाचताना तीच आठवली.

अमोल मुझुमदारही बी.पी.एम. हायस्कूल सोडून शारदाश्रममध्ये आला. विनोद कांबळी तिथलाच. असे एका आंब्याला सारा मोहोर यावा तसे झाले आणि मग १९८८चा फेब्रुवारी उजाडला.

हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, समोर फोर्टची सेंट झेवियर्स हायस्कूल, मैदान आझाद. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, दोघांची अभेद्य भागीदारी ६६४ धावांची. दोन बाद ७४८ वर डाव घोषित झाला. बाहेरून डाव सोडण्याच्या खुणा होत राहिल्या आणि दोघांनी तिकडे बघायचेच टाळले, असे पुढे सांगितले गेले. अंतिम सामन्यात अंजुमन-ए-इस्लामविरुद्ध सचिनने पुन्हा नाबाद ३४६ केल्या. मुंबईत मला आजवर भेटलेल्या किमान वीस माणसांनी ती भागीदारी प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगितले आहे. मी पाहिली नाही. बँकांचे हिशेब त्या काळी डिसेंबरअखेर बंद होत आणि फेब्रुवारीत लेखापरीक्षक शाखेत ठाण मांडून बसलेले असत. डबाही टेबलावरच खावा लागे. पाच मिनिटांवर इतिहास घडत होता आणि मी व्याजाची बेरीज पडताळत होतो.

वर्तमानपत्रात धावफलक वाचताना सर्वांचे डोळे त्या दोन आकड्यांवर होते. माझे मात्र झेवियर्सच्या मुलांवर थबकले. त्यांच्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता, जो पुढे स्वतः कसोटी खेळला. त्याला पुढचा रस्ता सापडला. बाकीची मुले दिवसभर चेंडू आणायला धावली आणि संध्याकाळी लोकलने घरी गेली. शारदाश्रमच्या तंबूतही एक मुलगा होता, पुढच्या क्रमांकावर यायचे म्हणून पॅड बांधून तो दिवसभर बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार. मोठ्या संघात जाण्याची ही दुसरी किंमत. आपली शाळा सोडून यावे आणि वाट पाहावी. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून खेळण्याची त्याची पाळी कधी आली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. दूरचित्रवाणीवर त्याचे डोळे भरलेले पाहून मला आझाद मैदानावरचा तो तंबू आठवला.

शारदाश्रमचे दिवसही पालटले. नंतरच्या काळात वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडे तसाच ओघ वळला. विरारहून पृथ्वी शॉ नावाचा मुलगा तिथे आला. २०१३च्या नोव्हेंबरात त्याने हॅरिस शील्डमध्ये सेंट फ्रान्सिस द असिसी शाळेविरुद्ध ५४६ धावा केल्या. शाळेची एकूण धावसंख्या ९९१. या आकड्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण हिशेबनीसाच्या नजरेला एवढा एकतर्फी ताळेबंद दिसला की तो दुसरी बाजू शोधू लागतो. शंभरात जिंकणाऱ्या दोन शाळांची चुरस पिढ्यानपिढ्या टिकते. नऊशे धावांनी हरणाऱ्या शाळेच्या मुलाला पुढच्या वर्षी बॅट उचलावीशी का वाटावी?

मग मुलांनी जाऊच नये का? इथे शालेय स्पर्धांची रचना समजून घ्यावी लागते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात आणि कुस्तीत किंवा धावण्यात मुलगा एकटा त्या चढून जातो. हॉकीत अकरा जण लागतात, तेही एकाच शाळेच्या नावाने. दहा जण कच्चे असतील तर अकरावा कितीही चांगला असो, जिल्ह्यावरच थांबतो. राज्य निवडीपर्यंत त्याला कोणी पाहतच नाही. त्या पायऱ्यांवर दहावी-बारावीचे क्रीडागुण आहेत, आणि पुढे शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मिलमधल्या हमालाच्या मुलाला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या हावडा मार्गावर पुढे राउरकेला लागते. तिथल्या पानपोष क्रीडा वसतिगृहात ओडिशाने खेड्यापाड्यांतली मुले गोळा केली आणि त्यांतून दिलीप तिर्की भारताचा कर्णधार झाला. आपल्या राज्याची क्रीडा प्रबोधिनीही त्याच विचाराने उभी आहे. गावाच्या शाळेतून मूल उचलल्याखेरीज यांतले काहीच होत नाही.

माझी पुतणी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. तिथे बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडची क्रिकेट. हायस्कूलच्या राज्य स्पर्धेला सेंट पॉल शहरात हजारो लोक तिकीट काढून येतात. तिथे नियम असा की, केवळ शाळा बदललेल्या खेळाडूला नव्या शाळेच्या मुख्य संघातून वर्षभर खेळता येत नाही. कुटुंबच त्या शाळेच्या हद्दीत राहायला आले तर ही अट सुटते. तेव्हा अमक्याने घर नोकरीसाठी बदलले की हॉकीसाठी, यावर तिथेही चर्चा रंगते. हे ऐकून मला बरे वाटले. रकान्यातले कारण आणि मनातले कारण यांची गल्लत साता समुद्रापारही आहे.

आता राहिलेली गोष्ट. १९९७ मध्ये बदली होऊन मी गोंदियाच्या शाखेत होतो. कर्जाच्या टेबलासमोर एक माणूस बसला. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजसाठी त्याला यंत्रे घ्यायची होती. "साहेब, ओळखलं का मले?" आवाजावरून ओळखले. चोवीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी शहरात शिकत गेलो, तो गावातून बाहेर पडला, कधी स्टेशनवर दिसला तर दोघेही पाट्या वाचू लागायचो. चहा मागवला. कर्जाची कागदपत्रे नियमात बसणारी होती. ती बाजूला ठेवून मी त्या घोट्याविषयी बोललो. मला थांबता आले असते, हेही सांगितले.

तो हसला. "गोलकीपर अजून काय करन? मी तुह्या जागी असतो तर तेच केलो असतो." मग बशी खाली ठेवत म्हणाला, "पन फितूर नको म्हनायले पायजे होतं. माह्या बापानं भिंतीवर वाचलं ते. त्याले वाचता येत नोहोतं, दुसऱ्याकडून वाचून घेतलं."

मी विचारले, मग गेलास का?

त्याचे उत्तर मी आता जसेच्या तसे देऊ शकत नाही, कारण ते मी खाली मान घालून ऐकले. त्या वर्षी ई.बी.सी.च्या सवलतीसाठी त्याने आमच्याच शाळेच्या कार्यालयात अर्ज दिला होता. उत्पन्नाचा दाखला जोडलेला होता. तो अर्ज तीन वेळा 'सापडत नाही' असे सांगण्यात आले आणि दरम्यान फी थकली म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे करण्यात आले. कोणा शिक्षकाच्या, कोणा पालकाच्या हे लक्षात आले नाही. त्याला रोज सायकलवर घेऊन येणाऱ्या माझ्याही नाही. पलीकडच्या शाळेने अर्ज भरून घेतला, जुनी पुस्तके दिली आणि बूट दिले. बूट त्याच्या आयुष्यातले पहिले होते. त्या बुटासकट मी त्याचा घोटा तुडवला होता.

आपल्या व्यापारी घरांत मुनीम सोडून गेला की काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. समोरच्या पेढीने फोडला, असे आपण चार ठिकाणी म्हणतो. दिवाळीच्या पूजनाला त्या पेढीचा पेढाही घेत नाही. दोन पेढ्यांचे वैर कधी कधी दोन पिढ्या पुरते. सोडून जाण्याआधीच्या वर्षी त्याने पगारवाढ कितीदा मागितली होती, हे मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. माझ्या वडिलांच्या दुकानातही एक माणूस असाच गेला होता. मी त्या रात्री जुन्या वह्या काढून पाहिल्या. त्याच्या नावापुढे सलग सहा वर्षे एकच रक्कम होती.

कर्ज मंजूर झाले आणि हप्ते वेळेवर आले. तो चालताना एक पाय किंचित ओढत होता की तो माझ्या मनाचा भास होता, हे मी आजतागायत ठरवू शकलो नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही आणि आता तो हयात नाही.

हे सारे मी मेच्या त्या दुपारी नातीला सांगितले, जिलेबीसकट. तिने सगळे ऐकून घेतले आणि मुलांच्या पद्धतीने नेमका नको तो प्रश्न विचारला. "मग तुम्ही चोवीस वर्षं का थांबलात?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन दिवसांनी आम्ही नागपूरला गेलो आणि मी तिला म्हणालो, चल, तुझ्या गोलकीपरच्या घरी जाऊ. ती नाही म्हणाली, मग स्टिक सोबत घेऊन निघाली. मैत्रिणीच्या आईने दार उघडले, पाणी दिले, मुलीला हाक मारली. ती आली आणि दारात उभी राहिली. नातीने काही सांगायला सुरुवात केली : नव्या शाळेत सकाळी साडेपाचला सराव असतो, तिथे ओळखीचे कोणी नाही, डबा एकटीनेच खावा लागणार, संघात जागा मिळेल की नाही तेही माहीत नाही. फितूर या शब्दाबद्दल तिने काही म्हटले नाही. मी आणि त्या बाई शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांविषयी बोलत राहिलो.

"फी माफ केली का त्यांनी?" मैत्रिणीने विचारले.

"अर्धी."

"आमच्या शाळेत विचारलं होतं का तुझ्या बाबांनी?"

नातीने माझ्याकडे पाहिले. मलाही ठाऊक नव्हते. संध्याकाळी मुलाला विचारले तेव्हा तो गप्प बसला. त्याच्या ते डोक्यातच आले नव्हते.

मैत्रीण थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. मग तिने विचारले, "ऑगस्टमध्ये तू आमच्याविरुद्ध खेळणार?"

"घेतलं तर खेळीन."

"डाव्या बाजूनंच येशील ना, नेहमीसारखी?"

नात हसली, पण बोलली नाही.

"ये," ती गोलरक्षक म्हणाली, "मी गोल सोडून पुढे येणार नाही." आणि आत जाऊन तिने दोघींसाठी सरबत आणले.